माठ वाजवून घेताना

होळी झाली की मिरजेच्या बाजारात माठ येतात. आपण माठ उचलतो, टिचकी मारतो आणि कान देतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठंतरी तडा. ही परीक्षा मला आजीनं शिकवली.

हीच खणखण तीन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत आहे. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथल्या भांड्यांना गावाचंच नाव मिळालं. चाकावर घडवलेली, पातळ, तांबडी, वर काळ्या रेघांची नक्षी. आणि भाजणी इतकी चांगली, की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. तोटीचं भांडं ही त्यांची खास ओळख.

पुढे शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावी, डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून कितीतरी वर्षं खोदकाम केलं. कुंभाराची भट्टी मिळाली. आणि घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं. हातानं घडवलेली दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत बाळ. सोबत तोटीचं भांडं नि वाडगा. गेलेलं लेकरू आईनं लांब जाऊ दिलं नाही, असंच ते वाचताना मला वाटलं.

आपलंही तसंच नाही का? संक्रांतीचं सुगड, बेंदराचे मातीचे बैल, नवरात्रातला घट, आणि शेवटच्या वाटेवरचं मडकं. सगळं कुंभाराच्या घरून येतं.

पण त्या घरातली बाई आपल्याला दिसते का? माती चाळणं, भिजवणं, राख-लीद मिसळून मळणं, मडकी उन्हात फिरवणं, काव लावणं, बाजारात बसणं, ही कामं तिची. चाकाला मात्र बाईनं हात लावायचा नाही, ही अनेक ठिकाणची रीत. म्हणून ‘कुंभार’ म्हटलं की पुरुषच डोळ्यांपुढं येतो. मणिपूरमधल्या आंद्रो गावात बायकाच मडकी घडवतात, तीही चाकाशिवाय. म्हणजे बाईच्या हातात कसब नाही, असं कोणी म्हणू नये.

कोरियात सतराव्या-अठराव्या शतकात पांढरे मोठे रांजण होत. दोन वाडगे काठाला काठ जोडून एक रांजण. जोडावर तो जरासा वाकडा राही. त्याला तिथं चंद्राचा रांजण म्हणतात आणि तो वाकडेपणाच सुंदर मानतात. आपण मात्र माठ जरा कलता दिसला की दहा रुपये कमी करायला लावतो.

तेव्हा मैत्रिणींनो, माठ जरूर वाजवून घ्या. तडा असेल तर परत ठेवा. पण नुसता कलता असेल, तर भाव पाडू नका. आणि विकणाऱ्या बाईला एकदा विचारा, “मावशी, ह्याची माती कुणी मळली?” बघा, ती काय सांगते.