ठिणगीची खरखर

रिमोटची खेळण्यातली गाडी खोलून बघितली, तर मोटरच्या पाठीवर मसुराच्या डाळीएवढ्या दोन-तीन तपकिरी चकत्या सोल्डर केलेल्या दिसतात. त्यांच्यावर बहुधा 104 हा आकडा असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला त्या सुट्ट्या मिळतात आणि जुने रेडिओ मेकॅनिक त्यांना 'पीएफ' म्हणतात. कॉलेजातल्या रोबोटच्या स्पर्धेसाठी गाडी बनवणारी मुलं बऱ्याचदा त्या लावतच नाहीत. मोटर फिरतेय ना, मग हे कशाला? मग गाडी दहा-पंधरा फुटांवर गेली की अडखळते, आपोआप वळते, भिंतीवर जाऊन आदळते. शिव्या मात्र रिमोटला पडतात.

खरा गुन्हेगार मोटर असते. आणि गंमत अशी, की ती जे करते त्याच गोष्टीपासून रेडिओचा जन्म झाला.

1887-88 च्या सुमारास जर्मनीत कार्ल्सरुहला हाइनरिश हर्ट्झने दोन धातूच्या गोळ्यांमधल्या फटीत ठिणगी पाडली. खोलीच्या दुसऱ्या बाजूला ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्यात, कुठलीही तार जोडलेली नसताना, बारीकशी ठिणगी दिसली. पुढे तीसेक वर्षं जगाची बिनतारी यंत्रणा मुख्यतः ठिणगीवरच चालली. 1912 मध्ये बुडणाऱ्या टायटॅनिकने मदत मागितली तीही ठिणगीनेच.

ऐकणारा कान त्याहून ओबडधोबड होता. 1890 मध्ये फ्रान्सच्या एदुआर ब्रान्लीने दाखवलं, की काचेच्या नळीतला धातूचा कीस जवळ ठिणगी पडली की एकमेकांना चिकटल्यासारखा होतो आणि वीज वाहू देतो. नळीला टिचकी मारली की पुन्हा मोकळा. याला कोहीरर म्हणतात. 1895 मध्ये रशियात पोपोव्हने याच नळीने आकाशातली वीज टिपली. म्हणजे या कानाला माणसाचा संदेश आणि ढगाचा कडकडाट यांतला फरकच कळत नव्हता.

1898 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक छोटी बोट बिनतारी चालवून दाखवली. आजच्या सगळ्या रिमोट गाड्यांची ती आजी. तिचं पेटंट त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला मिळालं. तिच्या पोटातही कोहीररच होता, आणि बोट ढकलायला व वळवायला मोटरी. मला या बोटीतलं हे शेजारपण फार विलक्षण वाटतं: ठिणग्या ऐकणारा कान आणि ठिणग्या उडवणारी मोटर, दोघं एकाच पोटात.

आपल्याकडे जगदीशचंद्र बोस याच काळात कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये लहरींनी दूरची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवत होते. घंटेची गोष्ट शाळेच्या पुस्तकात येते, पेटीची येत नाही. बोसांनी ठिणगी पाडणारी कॉइल आणि तिची बॅटरी धातूच्या पेटीत बंद केली होती, कारण इकडून तिकडून निसटलेल्या लहरी आणि चुंबकीय धक्के त्यांच्या नाजूक मोजमापात शिरत होते. नको असलेली खरखर जिथे जन्मते तिथेच कोंडायची, हा विचार त्या पेटीत आहे. माझ्या मते घंटेपेक्षा ही पेटी मुलांना आधी दाखवायला हवी.

आता मोटर. आत फिरणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांना वीज पोचवायला कॉम्युटेटरवर दोन ब्रश घासत असतात (मिक्सर दुरुस्त करणारा 'कार्बन बदलला' म्हणतो ते हेच). गुंडाळीतला प्रवाह तोडला की तो सहजासहजी थांबत नाही. दाब चढतो आणि फटीत ठिणगी उडते. साध्या तीन गुंडाळ्यांच्या मोटरीत एका फेऱ्यात सहा वेळा अशी अदलाबदल होते. मिनिटाला 10,000 फेरे धरले तर सेकंदाला 1,000 वेळा. मोटरीला जाणाऱ्या तारा अँटेनाचं काम करतात. झाला हर्ट्झचा ट्रान्समीटर तयार, आणि रिसीव्हर त्याच्यापासून चार बोटांवर.

आमच्या घरात रमजानमध्ये सहेरीला अब्बा रेडिओ लावायचे आणि अम्मीने मिक्सर सुरू केला की सगळं खरखरीत बुडायचं. अब्बा म्हणायचे, स्टेशन बिघडलंय.

जगाने ही भांडणं लवकर ओळखली. 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेत ठिणगीचे ट्रान्समीटर मोडीत काढायचा रस्ता ठरला. 1934 मध्ये रेडिओतल्या व्यत्ययावर नियम सुचवण्यासाठी सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. एका पिढीत ठिणगी निरोप्याची गुन्हेगार झाली.

खरखरीशी सर्वांत मोठी लढाई दिली ती एडविन आर्मस्ट्राँगने. 1922 मधला त्याचा सुपर-रीजनरेटिव्ह रिसीव्हर इतका स्वस्त आणि तिखट कानाचा, की पुढे स्वस्तातल्या रिमोट खेळण्यांनी तोच उचलला. पण तो जे येईल ते ऐकतो, मोटरची बडबडसुद्धा. खरखरीचा बंदोबस्त म्हणून त्यानेच एफएम काढलं. पेटंटं 1933 मध्ये मिळाली. मग आरसीए या बलाढ्य कंपनीशी वर्षानुवर्षं खटला. पैसा संपला, संसार मोडला आणि 1954 मध्ये त्याने आपलं जीवन संपवलं. पत्नी मॅरियन लढत राहिली आणि शेवटचा खटला 1967 मध्ये जिंकली. पुढे हौशी लोकांच्या रिमोट विमानांत आणि गाड्यांत एफएम आलं ते या माणसाच्या जिवावर.

1976 मध्ये जपानच्या तामियाने पोर्शे 934 ही रिमोटची इलेक्ट्रिक गाडी बाजारात आणली आणि हा छंद घरोघरी गेला. त्या काळच्या हौशी मंडळींना आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली होती: धातूची काडी धातूच्या कडीत सैल हलत असेल तर स्टिअरिंग थरथरतं. एक टोक प्लॅस्टिकचं केलं की थांबतं. सैल धातूचा स्पर्श म्हणजे पुन्हा ब्रान्लीचा कीसच की!

मसुराच्या डाळींचं काम यावरून कळेल. एक दोन टर्मिनलांच्या मध्ये, बाकी दोन प्रत्येकी एका टर्मिनलपासून मोटरच्या लोखंडी डब्याला. मोटरला हवी ती वीज त्यांना ओलांडत नाही. ठिणगीची झपाट्याने कापणारी लहर मात्र त्यांच्यातून जवळच्या वाटेने तिथल्या तिथे परत फिरते, तारांवर चढत नाही. पाय लांब ठेवले तर उपयोग जातो, म्हणून अगदी आखूड कापायचे. डबा कानशीने खरवडायचा, नाहीतर सोल्डर धरत नाही, आणि हात झटपट चालवायचा, कारण आतलं प्लॅस्टिक वितळतं. मोटरच्या दोन तारांना पीळ द्यायचा. अँटेना मोटरपासून दूर न्यायची.

आता महागड्या गाड्यांत ब्रशच नसतो आणि रिमोट 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतो, तिथवर या ठिणग्यांचा जोर कमीच पोचतो. पण उरुसाच्या जत्रेत दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारी गाडी अजून बहुधा ब्रशवाली असते, 27 मेगाहर्ट्झची, आणि पैसे वाचवायला तीनऐवजी एकच चकती लावलेली. ती गाडी आठवड्यात वेडीवाकडी पळायला लागली तर फेकू नका. दोन पीएफ आणा.