संगणक प्रशासकाचा परवलीचा शब्द मागतो तेव्हा

संगणकावर नवी आज्ञावली बसवताना, प्रिंटर जोडताना किंवा घड्याळातील वेळ बदलताना पडद्यावर अचानक एक चौकट उघडते आणि प्रशासकाचा परवलीचा शब्द, म्हणजेच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो. तो शब्द ठाऊक नसेल, अथवा ठाऊक असूनही संगणक तो स्वीकारत नसेल, तर काम तिथेच थांबते. घरातील संगणक ज्याने सुरू करून दिला तो मुलगा शिक्षणासाठी परगावी गेलेला असतो, किंवा कार्यालयातील यंत्रणा पाहणारा कर्मचारी बदलून गेलेला असतो. ही अडचण सर्वत्र आढळणारी असली, तरी तिची कारणे मोजकीच आहेत आणि बहुतेक वेळा ती घरच्या घरी दूर करता येते.

परवानगी कशासाठी?

संगणकावरील खाती मुख्यत्वे दोन प्रकारची असतात. सामान्य खात्यातून पत्रे लिहिणे, इंटरनेट पाहणे अशी रोजची कामे होतात. संपूर्ण यंत्रणेवर परिणाम करणारे बदल मात्र प्रशासक खात्यालाच करता येतात. ही विभागणी युनिक्स कार्यप्रणालीत आरंभापासून असून तेथील सर्वाधिकारी खात्याला ‘रूट’ म्हणतात. सामान्य वापरकर्त्याला एखाद्या कामापुरता हा अधिकार देणारी ‘सुडो’ ही आज्ञावली १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात तयार झाली.

विंडोज एक्सपी या २००१ च्या कार्यप्रणालीत घरगुती वापरकर्ते बहुधा प्रशासक म्हणूनच काम करीत. त्यामुळे चुकून उघडलेल्या विषाणूलाही संपूर्ण संगणकाचा ताबा मिळत असे. यावर उपाय म्हणून २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टात ‘यूझर अकाउंट कंट्रोल’ ही सोय देण्यात आली. तिच्या वारंवार होणाऱ्या विचारणेबद्दल तक्रारी झाल्या. तेव्हा २००९ च्या विंडोज ७ मध्ये विचारणा कमी करण्यात आली आणि तिचे प्रमाण ठरवण्यासाठी चार पातळ्यांचा पर्याय उपलब्ध झाला.

चौकट नीट वाचावी

प्रशासक खात्यातून काम करणाऱ्याला विंडोज सहसा केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच विचारते. सामान्य खात्यातून काम करणाऱ्याला मात्र प्रशासकाचा परवलीचा शब्द द्यावा लागतो. येथे अनेकजण स्वतःच्याच खात्याचा शब्द लिहितात आणि तो नाकारला जातो. मॅकवर नाव आणि परवलीचा शब्द असे दोन रकाने असतात. सामान्य वापरकर्त्याने दोन्हीकडे प्रशासकाचीच माहिती भरणे आवश्यक असते. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीत याउलट पद्धत आहे. तेथे रूट खाते सुरुवातीपासून बंद असते आणि अधिकार मिळालेला वापरकर्ता स्वतःचाच शब्द देतो.

शब्द बरोबर, तरी नकार

मराठी टंकलेखन करणाऱ्यांना ही अडचण विशेष जाणवते. कळफलक इनस्क्रिप्ट किंवा अन्य देवनागरी मांडणीवर राहिला असेल, तर इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरी अक्षरे उमटतात. परवलीच्या शब्दाच्या जागी केवळ ठिपके दिसत असल्याने ही चूक लक्षात येत नाही. अशा वेळी चौकट रद्द करून कळफलकाची भाषा इंग्रजी करावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबल्यास भाषा बदलते. कॅप्स लॉक आणि नम लॉक या कळाही तपासाव्यात. डोळ्याचे चिन्ह असल्यास ते दाबून लिहिलेला शब्द पाहता येतो, मात्र त्या वेळी शेजारी कोणी नसल्याची खात्री करून घ्यावी.

मायक्रोसॉफ्ट खात्याने उघडणाऱ्या संगणकावर आकड्यांचा पिन आणि खात्याचा परवलीचा शब्द या वेगळ्या गोष्टी आहेत. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये परवलीचा शब्द लिहिताना अनेकदा ठिपकेही दिसत नाहीत. याचा अर्थ कळफलक बिघडला असा नसतो. शब्द पूर्ण लिहून एंटर दाबावे.

वारंवार होणारी विचारणा

एखादी जुनी आज्ञावली दर वेळी परवानगी मागत असेल, तर तिच्या गुणधर्मांत ‘प्रशासक म्हणून चालवा’ हा पर्याय निवडलेला आहे का ते पाहावे. काही जुन्या आज्ञावल्या यंत्रणेच्या राखीव भागात माहिती साठवतात. त्यांची नवी आवृत्ती घेणे हाच योग्य मार्ग ठरतो. विचारणा पूर्णपणे बंद करण्याचा सल्ला काहीजण देतात, परंतु त्यामुळे घातक आज्ञावलीलाही मोकळी वाट मिळते.

लिनक्स आणि मॅकवर आणखी एक चौकट गोंधळात टाकते. ती प्रशासकाची नसून जतन केलेल्या परवलीच्या शब्दांच्या पेटीची, म्हणजे कीरिंग किंवा कीचेनची असते. खात्याचा शब्द दुसऱ्या कोणी बदलून दिला, तरी पेटीला जुनाच शब्द लागतो. तो आठवत नसल्यास नवी पेटी तयार करावी लागते आणि जुन्या पेटीतील नोंदी वापरता येत नाहीत.

शब्द विसरल्यास

मायक्रोसॉफ्ट खात्याचा परवलीचा शब्द कंपनीच्या संकेतस्थळावरून, दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाईलवरूनही बदलता येतो. विंडोज १० मध्ये २०१८ पासून स्थानिक खात्यासाठी तीन सुरक्षा प्रश्नांची सोय आहे, मात्र त्यांची उत्तरे आधीच नोंदवलेली असावी लागतात. दुसऱ्या प्रशासकाने स्थानिक खात्याचा शब्द बदलून दिल्यास, विंडोजच्या सोयीने सांकेतिक केलेल्या फायली त्या खात्याला उघडता येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. मॅकवर अ‍ॅपलचे खाते किंवा आधी जपून ठेवलेली पुनर्प्राप्ती कळ उपयोगी पडते. उबुंटूमध्ये संगणक सुरू होताना पुनर्प्राप्ती पर्याय निवडून नवा शब्द ठरवता येतो.

संगणक हाती असलेल्या कोणालाही हे जमू शकते, म्हणूनच संपूर्ण डिस्क सांकेतिक करण्याची शिफारस केली जाते. मात्र अशा डिस्कचा शब्द आणि पुनर्प्राप्ती कळ दोन्ही हरवल्यास कोणताही तंत्रज्ञ ती माहिती परत मिळवून देऊ शकत नाही. कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या संगणकावर असे प्रयोग न करता तेथील यंत्रणा विभागाशीच संपर्क साधणे इष्ट.

नकार हेही उत्तर

परवानगीची ही चौकट केवळ उपचार नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये मॅकच्या हाय सिएरा आवृत्तीत ‘रूट’ हे नाव लिहून परवलीचा रकाना रिकामा ठेवला, तरी प्रवेश मिळत असल्याचे उघड झाले आणि अ‍ॅपलला दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती प्रसृत करावी लागली. लिनक्सच्या पोलकिट या घटकात २००९ पासून राहिलेला असाच एक दोष जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला. त्यामुळे सुरक्षाविषयक सुधारणा वेळेवर घेणे महत्त्वाचे आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे.

स्वतः कोणतेही काम सुरू केलेले नसताना चौकट उघडली, तर ‘नाही’ म्हणणेच योग्य. आज्ञावलीचे आणि तिच्या प्रकाशकाचे नाव वाचल्याशिवाय परवानगी देऊ नये. दूरध्वनीवरून तंत्रज्ञ असल्याचे सांगून परवलीचा शब्द विचारणाऱ्यास तो कदापि सांगू नये. अशा प्रकारात आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते.

प्रत्येक संगणकावर एकाऐवजी दोन प्रशासक खाती असावीत, रोजचे काम सामान्य खात्यातून करावे आणि प्रशासकाचा परवलीचा शब्द कागदावर लिहून, महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत कुलपात ठेवावा. तो कोठे आहे, हे घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीला ठाऊक असणेही तितकेच आवश्यक आहे.