धाब्याची पांढरी माती आणि गच्चीचा कोबा

मृग नक्षत्र लागण्यास आठ-दहा दिवस उरले म्हणजे आपल्याकडील गृहस्थाची दृष्टी आभाळाकडे जाण्यापूर्वी स्वतःच्या छपराकडे जाते. गेल्या ज्येष्ठात आम्ही पुलगावाजवळील नाचणगावी एका आप्ताच्या घरी उतरलो होतो, तेव्हा तेथे हाच विषय चालला होता. घराची सिमेंटची गच्ची तीन पावसाळे गळत होती. गवंड्याचे म्हणणे, जुन्या कोब्यावर नवा कोबा घालावा. घरातील चिरंजिवांचे म्हणणे, बाजारात मिळणारा रबरासारखा पांढरा लेप लावावा. आणि वयोवृद्ध यजमानांचे म्हणणे, आधी जुने काय आहे ते उकरून पाहावे. “तुम्ही कॉलेजात इतिहास शिकविता, तर सांगा,” असे म्हणून त्यांनी निवाडा आमच्यावर सोपविला. ह्या थट्टेने आम्ही प्रथम हसलो. परंतु विचार करता असे दिसून आले की, प्रश्न खरोखरच इतिहासाचा होता.

छपराचा आकार पाऊस ठरवितो. कोकणात उतरते छप्पर अटळ आहे. उलट मराठवाडा, खानदेश व वऱ्हाडाचा पश्चिम भाग येथे पाऊस बेताचा असल्यामुळे मातीचे सपाट छप्पर शक्य झाले. त्यास कोठे धाबे म्हणतात, कोठे माळवद. वर्ध्याकडे वर्षाकाठी सुमारे चाळीस इंच पाऊस पडतो. म्हणून सामान्य घरावर कवेलूच शोभले, आणि सपाट गच्ची केवळ चुन्याच्या जोरावर, म्हणजे पैशाच्या जोरावर, उभी राहिली. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदी ही नागपूरकर भोसल्यांच्या राज्याची पश्चिम सीमा ठरली; पण छपरांच्या पद्धती राज्यांच्या सीमा पाळीत नसतात. नदीच्या दोन्ही तीरांवर कवेलू, धाबे आणि गच्ची ह्या तिन्हींची ओळख लोकांस होतीच.

धाब्याची रचना पाहण्यासारखी असते. भिंतींवर व लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला अथवा गवत, आणि सर्वांवर मातीचा जाड थर चोपून बसविलेला. पाणी जाण्यासाठी किंचित उतार आणि भिंतीबाहेर काढलेली पन्हळ. ही माती मात्र शेतातली काळी चालत नाही. काळी जमीन पाण्याने फुगते व उन्हाने आक्रसून भेगाळते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे कोण जाणत नाही? म्हणून धाब्यावर पांढरी माती घालीत. गावाच्या वसतीच्या जागेस ‘पांढरी’ आणि पिकाच्या जमिनीस ‘काळी’ म्हणण्याची आपली जुनी वहिवाट आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुना, पडक्या भिंतींची माती आणि माणसांच्या वावराचा सारा अवशेष मिसळून ही पांढरी तयार होते. काळी पोट भरते, पांढरी डोके झाकते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या सोयीची किंमत इतिहासाने मोजली आहे. पांढरीची टेकाडे व पडक्या गढ्या म्हणजे जुन्या वसतींचे ग्रंथच होत. वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे १९६७ साली नागपूर विद्यापीठाने शास्त्रशुद्ध उत्खनन करून अशा ग्रंथाची काही पाने वाचली. परंतु ज्या टेकाडांकडे विद्वानांचे फावडे पोहोचण्यापूर्वी गरजू गृहस्थांचे पोहोचले, त्यांची पाने धाब्यांवर व शेतांत पसरली गेली. त्यांस दोष कसा द्यावा? डोक्यावर पाणी टपकत असता सातवाहनांची चिंता करण्याइतकी उसंत कोणास असते!

श्रीमंतांची गच्ची चुन्याची. चुनखडी अथवा कंकर भट्टीत भाजावयाचे, पाण्याने विझवावयाचे, आणि बैलांनी फिरविलेल्या घाणीत वाळूबरोबर किंवा विटांच्या सुरखीबरोबर मळावयाचे. मग विटांच्या तुकड्यांत तो चुना मिसळून गच्चीवर पसरावयाचा, आणि मजूर स्त्रियांनी ओळीने बसून लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस ठोकीत राहावयाचे. हाच कोबा. ठोकताना गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा अर्क असले पदार्थ शिंपीत. अशा चुन्याचा एक गुण असा की, तो हवेतील कर्बवायू हळूहळू शोषून पुन्हा दगडाच्या जातीचा होतो, आणि बारीक चीर पडली तर पाण्यात विरघळलेला चुना तीत उतरून ती बुजवितो. तो थोडे सोसतो व थोडे स्वतःच भरून काढतो.

पण हा गुणही उपेक्षा सहन करीत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन वास्तुकार विट्रुव्हियस ह्याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या खंडात उघड्या गच्चीची कृती सांगितली आहे. थर, उतार, सांधे हे सर्व सांगून झाल्यावर तो बजावितो की, दरवर्षी हिवाळ्यापूर्वी त्या फरशीस तेलाचा गाळ पाजावा, म्हणजे दहिवर आत शिरणार नाही. त्याहूनही प्राचीन अशा मोहेंजोदडोच्या महास्नानकुंडात विटांच्या मागे डांबराचा थर निघाला. तेलाचा गाळ, डांबर, पांढरी माती, गुळाचा चुना: देश निराळे, द्रव्ये निराळी, परंतु रोमन गृहस्थ हिवाळ्यापूर्वी जे करी, तेच आपला शेतकरी मृगापूर्वी करी.

ही वार्षिक नेमाची कल्पना सिमेंटाने मोडली. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्या देशात १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून ते निघू लागले. आणि १९३६ साली अनेक कंपन्या एकत्र होऊन मोठा व्यवसाय उभा राहिला. पुढे लोखंडी सळ्यांची स्लॅब गावोगाव गेली. तिच्याबरोबर एक समजूतही गेली की, हे छप्पर कायमचे. आता वर चढावयास नको. वस्तुतः वैशाखात ४५ अंशांवर जाणाऱ्या मुलखात ही समजूत टिकणारी नव्हती. तीस फूट लांबीच्या स्लॅबीचे तापमान तीस अंशांनी बदलले तर तिची लांबी सुमारे एक दशांश इंचाने बदलते. सिमेंट चुन्याहून बळकट खरे, पण ताठर. ते वाकत नाही, चिरते. चिरेतून पाणी सळईस पोहोचले की गंज चढतो, आणि गंजास मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागत असल्याने तो भोवतालचे काँक्रीट फोडून काढतो.

आता गवंड्याच्या सूचनेकडे वळू. गळते तेथे आणखी एक थर घालावा, हा उपाय धाब्याइतकाच जुना आहे, आणि त्याचा शेवट महाराष्ट्राने पाहिला आहे. मराठवाड्यातील माळवदांवर दर उन्हाळ्यास थोडी थोडी नवी माती पडे. जुनी सहसा काढीत नसत. पिढ्या गेल्या, आणि काही घरांवर मातीचा थर दोन-दोन फुटांपर्यंत चढला. एक फूट मातीचा भार दर चौरस फुटास पंचेचाळीस किलोंच्या आसपास होतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि वरची माती निजलेल्या माणसांवर आली. हजारो जीव गेले. दोष एकट्या छपराचा नव्हता. पण ज्या मातीने पिढ्यांना पावसापासून राखले, तीच शेवटी त्यांच्यावर कोसळली, हे सत्य मनास चटका लावणारे आहे. प्रत्येक वर्षाची पाटीभर माती निर्दोष होती. एकूण बेरीज कोणी केली नाही.

आम्ही यजमानांस हीच बेरीज करून दाखविली. चार इंच कोब्याचा भार दर चौरस फुटास सुमारे अठरा किलो. सहाशे चौरस फुटांच्या गच्चीवर असा एक थर म्हणजे जवळजवळ अकरा टनांचे ओझे. यजमानांचे म्हणणे मान्य होऊन एका कोपऱ्यात उकरून पाहिले, तो एकावर एक असे दोन कोबे निघाले, आणि दोहोंच्या मध्ये ओल. पाणी शिरत होते ते मात्र निराळ्याच ठिकाणी: पन्हळीच्या तोंडाशी, जेथे पिंपळाच्या रोपट्याने मूळ धरले होते. दोन्ही थर त्या जागेस न विचारताच घातले गेले होते. तेथील मूळ काढावे, जुने थर उतरवावेत, भिंतीच्या सांध्यास गोलाई द्यावी, पन्हळीकडे उतार साधावा, आणि पृष्ठ पूर्ण सुकल्यावर चिरंजिवांचा पांढरा लेप अवश्य लावावा, असे ठरले. तो लेप वजनाने हलका, ऊन परतविणारा व थोडा ताणला जाणारा आहे. पण तोही उन्हाने झिजतो, आणि काही वर्षांनी पुन्हा मागतोच.

निघताना यजमान म्हणाले, “म्हणजे दर वर्षी शिडी लावणे आलेच!” आम्ही म्हटले, “होय, आलेच.” त्यांनी शिडी पडवीत, सहज हाताशी येईल अशी, उभी करून ठेवविली. त्या शिडीवर भरवसा ठेवूनच आम्ही पुलगावची गाडी गाठली.