एसएसडीवर प्रणाली-स्थलांतर

संगणकाच्या फिरत्या चकतीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, वसलेली ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या आज्ञावली, वापरकर्त्यांची खाती, मांडणी व दस्तऐवज यांसह नव्या एसएसडीवर, म्हणजे हलणारा भाग नसलेल्या साठवण-साधनावर, नेऊन संगणक यापुढे तेथूनच सुरू व्हावा अशी व्यवस्था लावण्याच्या क्रियेस प्रणाली-स्थलांतर म्हणतात. व्यवहारात या क्रियेला सरसकट ‘क्लोनिंग’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी क्लोनिंग हा तिच्या प्रकारांपैकी केवळ एक होय. संगणकाला वीज मिळाल्यापासून प्रणालीने कारभाराचा ताबा घेईपर्यंत जे टप्पे क्रमाने पार पडतात, त्यांतील प्रत्येकास पुढील टप्प्याचा ठावठिकाणा माहीत असावा लागतो. आणि हा ठावठिकाणा बहुतांशी नित्याच्या फाइलींत नसून चकतीच्या आरंभीच्या राखीव जागेत, वेगळ्या लहानशा विभागात व मदरबोर्डवरील स्मृतीत नोंदलेला असतो. सबब सर्व फाइलींची बिनचूक नक्कल झाली, तरी एवढ्यावरून संगणक सुरू होईल असे नाही. या नोंदींची फेरजुळणी हाच स्थलांतराचा गाभा आहे.

पार्श्वभूमी : चुंबकीय चकतीचा व्यापारी उपयोग आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये सुरू केला, तिच्या त्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या असून त्यांवर सु. ५० लाख अक्षरे मावत. पुढे चकत्यांचा आकार घटला व धारणशक्ती अनेक पटींनी वाढली. परंतु हवी ती माहिती वाचक-शीर्षाखाली फिरून येईपर्यंत थांबण्याची मूळ अडचण कायम राहिली. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीला अर्धा फेरा पुरा करण्यास सु. ४.२ मिलिसेकंद व ५,४०० फेरे घेणाऱ्या चकतीला सु. ५.६ मिलिसेकंद लागतात, आणि शीर्ष योग्य पट्ट्यावर सरकण्याचा वेळ यांखेरीज वेगळा. प्रणाली सुरू होताना चकतीवर इतस्ततः विखुरलेल्या हजारो लहान फाइली वाचाव्या लागत असल्यामुळे हा विलंब तेथे सर्वाधिक जाणवतो.

तोशिबा या जपानी कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृतीची व १९८७ मध्ये तिच्या नँड या प्रकाराची कल्पना जाहीर केली. आजच्या एसएसडी याच प्रकारावर आधारलेल्या असून त्यांत हलणारा भाग मुळीच नसल्याने वाचनास लागणारा विलंब सु. ०.१ मिलिसेकंद वा त्याहूनही कमी असतो. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सु. ५५० मेगाबाइट माहिती देते; २०११ मध्ये जिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली त्या एनव्हीएमई पद्धतीच्या एसएसडी याच्या कित्येक पट वेगवान आहेत. तथापि जुन्या संगणकाच्या मालकास जो फरक ठळकपणे जाणवतो, तो या कमाल वेगापेक्षा विलंब घटल्यामुळे पडतो; यास्तव साधी साटा एसएसडीही अशा संगणकास पुष्कळ उपकारक ठरते.

पूर्वतयारी : महत्त्वाच्या दस्तऐवजांची प्रत तिसऱ्याच एखाद्या साधनावर ठेवणे ही पहिली तजवीज होय, कारण उगमस्थान व गंतव्यस्थान यांची अदलाबदल होऊन रिकाम्या एसएसडीची नक्कल भरलेल्या चकतीवर उतरण्याचा धोका या कामात नेहमीच असतो. जुन्या चकतीचे स्वास्थ्य तिच्याच ‘स्मार्ट’ नोंदींवरून तपासता येते. ती मोडकळीस आलेली आढळल्यास नित्याच्या क्लोनिंगऐवजी वाचता येईल तेवढा भाग आधी वाचून सदोष जागांकडे मागाहून वळणारी ‘डीडीरेस्क्यू’सारखी आज्ञावली वापरणे हिताचे असते. नवी एसएसडी जुन्या चकतीहून लहान असली तरी चालते. मात्र प्रत्यक्ष व्यापलेली जागा तिच्यात मावली पाहिजे व जुने विभाग तत्पूर्वी आक्रसून घेतले पाहिजेत. जोडणीचीही खातरजमा करावी लागते : २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब अशी एम.२ पट्टी साटा व एनव्हीएमई या दोन्ही पद्धतींची मिळते आणि मदरबोर्डवरील खाच दोन्ही स्वीकारतेच असे नाही. लॅपटॉपमध्ये एकाच चकतीची सोय असल्यास एसएसडी यूएसबी केसिंगमधून जोडून नक्कल घेतात. विभाग विंडोजच्या बिटलॉकर या संरक्षण-सुविधेने कुलूपबंद असेल, तर त्याची ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली आधी हस्तगत करून संरक्षण तात्पुरते स्थगित ठेवावे.

पद्धती : पहिली पद्धत साक्षात क्लोनिंगची. युनिक्स परंपरेतील ‘डीडी’ ही आज्ञा चकतीचा प्रत्येक खंड, रिकामा असो वा भरलेला, जसाच्या तसा उतरविते. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात विकसित झालेली, विनामूल्य मिळणारी क्लोनझिला ही आज्ञावली फाइल-व्यवस्था ओळखून शक्य तेथे केवळ व्यापलेले खंड उतरविते व वेळ वाचविते. दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण प्रणालीची प्रतिमा तिसऱ्या साधनावर साठवून ती नंतर एसएसडीवर उलगडतात. हिला जागा अधिक लागते, परंतु काही बिघडल्यास तीच प्रतिमा पुन्हा कामी येते. तिसरी पद्धत स्थलांतराला पर्याय म्हणावी अशी असून तीत प्रणाली नव्याने बसवितात व केवळ दस्तऐवज परत आणतात. दुरुस्तीच्या दुकानांत ‘नवीन विंडोज टाकणे’ म्हणतात ते हेच. पहिल्या दोहोंत मांडणी इत्थंभूत टिकते, तसे वर्षानुवर्षे साचलेले दोष व विषाणूही टिकतात; तिसरीत ते सुटतात, परंतु प्रत्येक आज्ञावली व तिचा परवाना पुन्हा जुळवावा लागतो.

बूट-व्यवस्था : संगणक सुरू करण्याच्या, म्हणजे बूट करण्याच्या, जुन्या बायोस पद्धतीत चकतीच्या पहिल्या ५१२ बाइटांत, म्हणजे एमबीआर या नोंदीत, आरंभीची आज्ञा व विभागांचा तक्ता असे दोन्ही असतात. त्यांपैकी तक्त्यास अवघे ६४ बाइट लाभल्यामुळे तीत मुख्य विभाग चारच नोंदता येतात व नेहमीच्या खंडमापाने २ टेराबाइटांपलीकडील जागा हिशेबात येत नाही. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआय पद्धतीत एमबीआरची जागा जीपीटी तक्त्याने घेतली असून त्यात सामान्यतः १२८ विभागांची तरतूद असते आणि बूट करणाऱ्या फाइली फॅट३२ रचनेच्या स्वतंत्र विभागात ठेवतात. केवळ ‘सी’ ड्राइव्ह उचलून नेल्यास हा विभाग मागेच राहतो, आणि जुनी चकती काढताच संगणक बूट करण्याजोगे साधन नसल्याची तक्रार करतो. कित्येक फसलेल्या स्थलांतरांची कैफियत एवढीच असते. विंडोजमध्ये ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने ही व्यवस्था नव्याने रचता येते, आणि एमबीआरचे जीपीटीत रूपांतर करणारे साधन २०१७ पासून विंडोज १० मध्येच अंतर्भूत आहे. लिनक्समध्ये विभाग त्यांच्या यूयूआयडी या ओळख-क्रमांकाने नोंदलेले असतात. विभाग नव्याने घडविल्यास हा क्रमांक ‘एफएसटॅब’ फाइलीत बदलून ‘ग्रब’ ही बूट करणारी आज्ञावली पुन्हा बसवावी लागते.

खंडशः नक्कल केल्यास याउलट पेच उद्भवतो, तो असा की दोन्ही चकत्यांना एकच ओळख प्राप्त होते व त्या एकत्र जोडल्यास कोणती खरी याचा निवाडा प्रणालीला करता येत नाही. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना जुनी चकती काढून ठेवण्याचा दंडक आहे. साटावरून एनव्हीएमईवर जाताना नव्या साधनाचा चालक (ड्रायव्हर) प्रणालीत आधीच सिद्ध असावा लागतो. मूळ विंडोज ७ मध्ये तो नसल्याने तेथे हे काम विशेष त्रासाचे होते.

उत्तरक्रिया : विंडोज एक्सपी पहिला विभाग चकतीच्या ६३ व्या खंडापासून आरंभी. तो तसाच एसएसडीवर आल्यास ४,०९६ बाइटांचे प्रत्येक लेखन फ्लॅश स्मृतीच्या दोन पृष्ठांवर विभागले जाऊन वेग व आयुष्य दोन्ही घटण्याचा संभव असतो. व्हिस्टापासून विभाग १ मेगाबाइटाच्या सीमेवर आरंभत असल्यामुळे हा दोष उरलेला नाही. पुसलेल्या फाइलींची वार्ता एसएसडीला देणारी ‘ट्रिम’ आज्ञा विंडोज ७ व लिनक्स २.६.३३ पासून उपलब्ध असून ती चालू असल्याची खात्री करावी. फिरत्या चकतीस उपयुक्त असलेले डीफ्रॅगमेंटेशन येथे निष्प्रयोजन ठरते, इतकेच नव्हे तर मर्यादित लेखन-आयुष्याचा त्यात नाहक व्यय होतो.

संगणक एसएसडीवरूनच सुरू होतो, दस्तऐवज उघडतात व अद्ययावतीकरणे निर्वेध पार पडतात असे अनुभवास येईपर्यंत जुनी चकती न पुसता बाजूस ठेवावी. नंतर ती दुसऱ्याच्या हाती जाणार असल्यास नुसते फॉरमॅट पुरेसे नसून तिच्यावर सर्वत्र पुनर्लेखन करावे लागते. पुढेमागे एसएसडी निकालात काढताना मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण तिचा नियंत्रक लेखनाची जागा स्वतःच्या अखत्यारीत बदलत असल्यामुळे जुनी माहिती काही पृष्ठांत शिल्लक राहू शकते, आणि म्हणून तेथे नियंत्रकाचीच विलोपन-आज्ञा वापरावी लागते.