कळंगुटचे ताट

आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगु येथे ज्वारीच्या भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा वाढला जातो, तेव्हा समुद्राची आठवण कोणासही होत नाही. परंतु मिरची मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तेथून देशभर पसरली. म्हणून त्याच किनाऱ्यावरील झगमगत्या विहारस्थानाचे, गोव्यातील कळंगुटचे, ताट आम्ही इतिहासाच्या दृष्टीने पाहू इच्छितो.

गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात कळंगुटच्या वाळूवर परदेशी प्रवाशांची वर्दळ सुरू झाली. आज हंगामात तेथे झावळ्यांनी शाकारलेल्या उपाहारगृहांच्या रांगा लागतात. प्रवासी अस्सल गोमंतकीय पदार्थ म्हणून विंदालू मागवितो. या नावाच्या मुळाशी द्राक्षमद्य आणि लसूण यांचे पोर्तुगीज शब्द आहेत; आपल्या ‘आलू’शी त्याचा काही संबंध नाही. गोव्यात मद्याची जागा माडीच्या शिरक्याने घेतली आणि त्यात मिरची मिसळली. पावही पोर्तुगिजांचाच; तो फुगविण्यासाठी गोव्याच्या पोदेरांनी माडी वापरली. काजू ब्राझीलचा, पण त्याच्या फेणीस २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते गोव्याची म्हणून.

ही देवघेव सर्वस्वी सलोख्याने झाली, असे मात्र समजू नये. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल होता. तो १८१२ साली कायमचा संपला. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याचा इतिहास मांडला आहे. १७३६ च्या एका फर्मानाने, ख्रिस्ती झालेल्यांनी हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, अशी बंदी घातली. सत्तेचा हात चुलीवरील भांड्यापर्यंत पोहोचला होता!

तरीही दुपारचे जेवण दोन्ही घरांत भात आणि माशांची कढी हेच राहिले. एका चुलीवर आमसूल आणि तिरफळ, दुसरीवर बहुधा शिरका. नारळ आणि मिरची दोहोंत. फर्मान काढणारे गेले, भात राहिला.

म्हणून पदार्थाचे स्थानिकत्व त्याच्या उगमावरून ठरविणे आम्हांस मान्य नाही. कोणत्या हातांनी तो पिढ्यान्‌पिढ्या रांधला, हे पाहावे. तलमडुगुच्या ठेच्यास आपण परका म्हणत नाही. कळंगुटच्या विंदालूसही तोच न्याय लावला पाहिजे.