पोयबावडीचे परळ : आपल्या वस्तीचा इतिहास

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत परळचा इतिहास लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कुणी विचारील. धम्मावर लिहावे, बाबासाहेबांच्या चळवळीवर लिहावे, वस्तीवर काय लिहायचे? पण ज्यांचे आजे-पणजे कोकणातून आणि घाटावरून पोट भरायला या मुंबईत आले, त्यांना ठाऊक आहे की चळवळ काही हवेत उभी राहिली नाही. ती चाळीच्या खोलीत, गिरणीच्या दारात आणि भाड्याच्या हॉलमध्ये उभी राहिली. त्यातल्या कितीतरी जागा आपल्या परळात आहेत. रोज आपण त्यांच्यावरून चालतो. म्हणून हा खटाटोप.

परळ हे मुंबईच्या सात बेटांपैकी एका बेटावरचे जुने गाव. किती जुने? १९३१ साली येथे रस्त्याचे खोदकाम चालू असता शंकराची एक भव्य शिळा सापडली. ती सुमारे सहाव्या शतकातली असावी, असे अभ्यासक मानतात. आज ती बारादेवीच्या देवळात आहे. पुढे पोर्तुगीज आले, त्यांनी येथे ख्रिस्ती मठ बांधला. अठराव्या शतकात इंग्रजांनी तो ताब्यात घेतला आणि तीच वास्तू वाढवून मुंबईच्या गव्हर्नरसाहेबाचा बंगला केला. त्या काळी परळ म्हणजे साहेबांची हवा खाण्याची जागा! पण कॉलरा साहेब-नोकर पाहत नाही. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच बंगल्यात कॉलऱ्याने वारल्या. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडले ते कायमचे.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेग आला. तो प्लेगच आहे, हे ओळखणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगश हे गोव्याचे. त्यावर लस तयार करणारे डॉ. वाल्डेमार हाफकिन हे रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरात जन्मलेले ज्यू. ही लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी सर्वांत आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून आधी स्वतःवर प्रयोग! १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या त्याच जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे. जिथे साहेब राहत होता तिथे गोरगरिबांसाठी लस होऊ लागली. परळच्या इतिहासातला हा पहिला मोठा पालट.

दुसरा पालट चाळींचा. प्लेगने सरकारला दाखवून दिले की मजूर ज्या कोंदट वस्त्यांत राहतात तिथूनच रोग पसरतो. म्हणून १८९८ साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने शहरात जागोजाग चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीआयटी चाळी. पुढे १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या केल्या. एका खोलीत एक कुटुंब, मजल्यावर सामाईक नळ आणि संडास. सरकारने या चाळी दयेपोटी बांधल्या नाहीत. गिरण्यांना मजूर हवे होते. पण माणूस मिळालेल्या जागेत काय उभे करतो, हे या चाळींनी दाखवून दिले.

सुभेदार रामजी आंबेडकर १९०४ च्या सुमारास साताऱ्याहून कुटुंब घेऊन मुंबईला आले तेव्हा त्यांचे बिऱ्हाड लोअर परळच्या डबक चाळीत होते. एकच खोली. येथे राहत असतानाच १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले आणि त्यांच्या सत्कारात कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. याच बोल्यांनी पुढे १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडून मंजूर करून घेतला. त्याच ठरावाच्या आधारे महाडचे चवदार तळे १९२७ साली आपल्या लोकांच्या ओंजळीत आले. बुद्धाची पहिली ओळख आणि पाण्याचा हक्क, दोन्हींचे धागे असे गिरणगावातल्या एका खोलीशी जुळलेले आहेत.

पुढे हे कुटुंब पोयबावडीच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये आले. दुसरा मजला, खोल्या ५० आणि ५१. सुमारे १९१२ ते १९३४, परदेशातल्या शिक्षणाची वर्षे धरून, हा बाबासाहेबांचा पत्ता होता. कोलंबियाची पदवी घेऊन ते याच चाळीत परतले, लंडनहून बॅरिस्टर होऊन याच चाळीत परतले. रमाई येथेच नांदल्या. छत्रपती शाहू महाराज बाबासाहेबांना भेटायला या चाळीत आले होते. महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीतून ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक सुरू झाले. त्याची कचेरी कुठे होती? हरारवाला बिल्डिंग, डॉ. बाटलीवाला रोड, पोयबावडी. पत्ताच पाहा. पारशी डॉक्टरच्या नावाचा रस्ता, कोल्हापूरच्या मराठा राजाची मदत आणि मुक्यांना वाचा देणारे आपले वर्तमानपत्र! परळ हे असे आहे.

तेथून चार पावलांवर दामोदर हॉल. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू. कामगारांसाठी नाटक, व्याख्यान, वाचनालय सारे येथे चाले. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी याच हॉलमध्ये सभा बोलावली आणि त्यातून २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड हे गुजराती कायदेपंडित. बाबासाहेबांची कचेरीही याच इमारतीत होती. घर पोयबावडीला, कचेरी दामोदर हॉलला. दिवसभर गाऱ्हाणी घेऊन आलेल्या माणसांची रीघ लागलेली असायची. संध्याकाळी बाहेर गिरणीचा भोंगा आणि आत चळवळीची खलबते.

आता गिरणीबद्दल. आपल्या आजोबांच्या पिढीचे अर्धे आयुष्य तिथे गेले, म्हणून हे नीट सांगितले पाहिजे. गिरणीत सर्व जातिधर्मांची माणसे एकाच भोंग्यावर आत जात. पण आत गेल्यावर वाटा वेगळ्या. साळखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, पगार जास्त. तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. कारण काय? तर धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे! मग आपल्या माणसांनी करायचे काय, तर रिंग खात्यात कमी पगारावर राबायचे. पाण्याचा माठही अनेक गिरण्यांत वेगळा. १९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. 'मालकांकडे मागण्या करता, मग आमच्या माणसाला साळखात्यात काम मिळावे ही मागणी का नाही?' असा सवाल बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना केला. ती मागणी घातली नाही तर आमचा पाठिंबा धरू नका, असे बजावले. तेव्हा कुठे नाखुशीने ती यादीत आली.

याच काळात परळमध्ये दुसरी एक गोष्ट घडत होती. इंग्रज सरकार मोठ्या इस्पितळांत शिकलेल्या भारतीय डॉक्टरांना वरच्या जागा देत नसे. म्हणून गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अटच घातली की नेमायचे ते भारतीय डॉक्टरच नेमायचे. त्यातून जी. एस. मेडिकल कॉलेज आणि १९२६ साली केईएम रुग्णालय उभे राहिले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण विचार करा, जातीवरून किंवा वर्णावरून दार बंद करणे हा अन्याय आहे हे ज्या वस्तीला इतके स्पष्ट दिसत होते, त्याच वस्तीत साळखात्याचे दार आपल्यासाठी बंद होते. साहेबाने केलेला भेदभाव दिसतो, आपण केलेला दिसत नाही. हा धडा फक्त जुन्या काळापुरता नाही, आपल्या घरांनाही लागू आहे.

परळ इस्पितळांचे गाव झाले ते याच सुमारास. वाडिया या पारशी कुटुंबाने गिरणी कामगारांच्या बायकांसाठी प्रसूतिगृह आणि नंतर लहान मुलांचे रुग्णालय दिले. १९४१ साली टाटा रुग्णालय झाले. जनावरांचे इस्पितळ तर १८८० च्या दशकापासून आहे, तेही पारशी दानातून. आज देशाच्या कानाकोपऱ्यातून कॅन्सरचे रुग्ण येतात आणि त्यांचे नातेवाईक परळच्या फुटपाथवर दिवस काढतात. कुणी बिहारचे, कुणी बंगालचे. परळमध्ये भाषा किती, असे कुणी विचारले तर त्या फुटपाथवरून एक फेरी मारावी.

आणि खुद्द वस्ती? कोकणातले, घाटावरचे, उत्तरेकडचे, गुजराती दुकानदार, मुसलमान कारागीर, गोव्याचे ख्रिस्ती, रेल्वे वर्कशॉपातले नाना प्रांतांचे कामगार. लालबागची मसाला गल्ली आणि चिवडा गल्ली या सगळ्यांच्या जिभेवर. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचा लाल बावटा या कामगार वस्तीत गर्जला. वामनदादा कर्डक गिरणीत राबले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले, तेव्हा परळच्या कामगार मैदानावर निळा आणि लाल शेजारी शेजारी उभे होते. सगळे मतभेद मिटले होते असे नाही. पण पोटाच्या प्रश्नावर माणसे एकत्र येऊ शकतात, एवढे परळने दाखवले.

७ डिसेंबर १९५६. बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहातून निघाली ती व्हिन्सेंट रोडने परळला, पोयबावडीला आली आणि एल्फिन्स्टन पुलावरून दादर चौपाटीकडे गेली. व्हिन्सेंट रोड आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आहे. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या वस्तीत काढली, तिचा निरोप घेऊनच बाबासाहेब गेले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी संपलाच नाही. गिरण्या संपल्या. किती घरांतला कर्ता माणूस एका वर्षात रिकामा झाला आणि ती घरे बायकांनी डबे करून, भाजी विकून, शिवणकाम करून चालवली. त्यांचा इतिहास कुठल्याही पुस्तकात नीट आलेला नाही. आज गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आहेत. दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले. एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला. बीडीडी चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत.

चाळी जाव्यात. सामाईक संडासाच्या रांगेचे कौतुक ज्याने ती रांग लावली नाही त्याने करावे. आपल्या लेकरांना चांगली घरे मिळालीच पाहिजेत. पण चाळ पडली की तिच्याबरोबर खोली क्रमांक, जिन्यातल्या बैठका, पहिल्या बुद्ध जयंतीची वर्गणी, कुणी कुणाला गिरणीत लावले याच्या हकिकतीही जातात. मोठ्या माणसांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. साळखात्याच्या दारातून परत फिरलेल्या माणसाचा इतिहास आपल्याशिवाय कोण लिहिणार?

म्हणून एक विनंती. प्रत्येक कुटुंबाने घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून विचारावे : गाव कोणते, मुंबईला कधी आलात, कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, पगार किती, पहिली खोली कुठे, दीक्षा कुठे घेतली. शाळेत जाणाऱ्या नातवाने ते वहीत लिहून काढावे. जुने फोटो, गिरणीचे बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या रद्दीत घालू नयेत. अशा वह्या विहारात एका कपाटात जमा झाल्या, तर पुढच्या स्मरणिकेला लेखक शोधावा लागणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!