सान रेमोचा फुलांचा व्यापारी

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, फ्रान्सच्या हद्दीपासून थोड्याच अंतरावर, सान रेमो नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. फुलांची शेती आणि फुलांचा व्यापार हा तेथला नामांकित धंदा. दुसरे आकर्षण म्हणजे कॅसिनो, अर्थात श्रीमंतांचे जुगारगृह. ह्या गावात गाण्यांचे दोन उत्सव भरतात. पहिल्याचा गाजावाजा जगभर आहे. दुसरा पहिल्यावरील नाराजीतून जन्मला. दोहोंच्या आरंभाशी मात्र एकाच माणसाचे नाव जोडलेले आहे, आणि तो ना कवी होता ना गवई. आमिलकारे राम्बाल्दी हा फुलांचा व्यापारी होता.

१९४५ साली महायुद्ध संपले तेव्हा सान रेमोची पूर्वीची रया गेली होती. गाव पुन्हा नावारूपास आणण्यासाठी काय करावे, ह्याचा खल चालू असता राम्बाल्दीने ज्या सूचना केल्या त्यांत गाण्यांच्या उत्सवाची एक होती. ती तेव्हा बाजूस पडली. पुढे कॅसिनोचे चालक आणि इटलीची नभोवाणी ह्यांनी मिळून तीच कल्पना उचलली, आणि २९ जानेवारी १९५१ रोजी कॅसिनोच्या दिवाणखान्यात पहिली स्पर्धा सुरू झाली. गाणी वीस आणि ती गाणारे अवघे चौघे. श्रोते टेबलांशी बसून जेवत होते; गाणे कानांवर आणि घास तोंडात. निल्ला पिझ्झी ह्या गायिकेने गायिलेले जे गाणे पहिले आले त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘फुलांबद्दल आभार’ असा होता!

स्पर्धा होती ती गाण्यांची, गायकांची नव्हे. हा भेद इतक्या काटेकोरपणे पाळला जाई की १९५३ पासून पुष्कळ वर्षे एकच गाणे दोन निरनिराळ्या गायकांकडून गाववीत. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा, आणि ह्या सर्वांच्या मागे गाणी छापून विकणारा प्रकाशक. आपल्या भावगीताचीही घडण बहुधा अशीच, तेव्हा त्यात गैर काही नाही. परंतु गाणे असे हातोहात फिरू लागले म्हणजे त्यातील बोलण्याची जबाबदारी कोणा एकाची राहत नाही, आणि ज्याची जबाबदारी कोणाचीच नाही ते गाणे सर्वांना गोड लागावे एवढीच धडपड उरते.

१९५८ साली दोमेनिको मोदुन्योने आपणच चाल दिलेले, शब्दांतही आपला वाटा असलेले गाणे हात पसरून गायिले आणि स्पर्धा जिंकली. ‘वोलारे’ ह्या नावाने ते पुढे सर्वत्र पसरले. १९६० च्या सुमारास इटालियन भाषेत ‘कांताउतोरे’ हा नवा शब्द रुळला : स्वतःचे गाणे स्वतः रचून गाणारा. शब्द आणि धातू दोन्ही रचणाऱ्यास आपल्या संगीतशास्त्राने ‘वाग्गेयकार’ म्हटले आहे, त्याचा हा दूरचा आप्त म्हणावयास हरकत नाही. जेनोवा शहरात तर अशा तरुणांचा एक गटच जमला होता. जीनो पाओली, उंबेर्तो बिंदी, फाब्रित्सिओ दे आंद्रे ही त्यांतली काही नावे. लुइजी तेंको हा त्यांच्यातलाच.

तेंको १९६७ च्या जानेवारीत सान रेमोच्या स्पर्धेत उतरला. शेतीवाडी सोडून शहराकडे निघालेल्या माणसाचे त्याचे ते गाणे. मुळात त्याच चालीवर त्याने सैनिकांसंबंधी निराळेच शब्द लिहिले होते, ते बाजूस ठेवून हे नवे बसविले होते. प्रथेप्रमाणे तेच गाणे दालिदा ह्या प्रसिद्ध गायिकेनेही गायिले. परीक्षकांनी ते बाद केले. बाद झालेल्यांतून एक गाणे परत घेण्याचा अधिकार एका समितीस होता. तिने दुसरेच उचलले. त्याच रात्री हॉटेलच्या खोलीत तेंकोने आपले आयुष्य संपविले. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. मागे सापडलेल्या चिठ्ठीत, आपण जीवनास कंटाळलो नसून श्रोत्यांच्या आणि समितीच्या निवडीचा निषेध करीत आहो, अशा आशयाचा मजकूर होता. एका निकालाने एवढे घडते असे मी मानत नाही. माणसाच्या मनातले सगळे कधी चिठ्ठीत मावत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सायंकाळी स्पर्धा ठरल्याप्रमाणे पुढे चालू झाली, ह्या गोष्टीची मात्र आजही चीड येते.

राम्बाल्दीच्या मनाला ती बोचली असली पाहिजे. १९७२ साली, साठी उलटलेल्या ह्या गृहस्थाने सान रेमोत ‘क्लब तेंको’ स्थापन केला आणि १९७४ साली पहिले संमेलन भरविले. त्यासाठी जे नाव घेतले ते ‘कर्त्याचे गाणे’ अशा अर्थाचे होते. एन्रिको दे आंजेलिस ह्या वेरोनाच्या पत्रकाराने १९६९ मध्ये तो शब्दप्रयोग केला होता.

संमेलनाची रीत साधी होती. स्पर्धा नाही, त्यामुळे व्यासपीठावर कोणी हरत नाही. बिदागी नाही, येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च तेवढा मिळावयाचा. कार्यक्रम संपल्यावर सर्वांनी एकत्र जेवावयाचे, आणि मग वाइनच्या साथीने पहाटेपर्यंत जी गाणी निघतील ती निघू द्यावयाची. गुरूच्या पुण्यतिथीस कलावंत हजेरी लावतात तसाच हा प्रकार. पुण्यात सवाई गंधर्वांची पुण्यतिथी १९५३ पासून अशाच भावनेने सुरू झाली, हे वाचकांस आठवेल. पहिल्या वर्षी तेंकोच्या नावाचे पुरस्कार पाओली, मोदुन्यो, सेर्जो एन्द्रिगो, जोर्जो गाबेर आणि फ्रान्सचा लेओ फेरे ह्यांना मिळाले. पुढे ब्राझीलचा विनिसियुस द मोराइस (१९७५), रशियाचा बुलात ओकुद्झावा (१९८५), अमेरिकेचा टॉम वेट्स (१९८६) अशी नावे त्यात मिळत गेली. पैसा न देणाऱ्या एका क्लबाची ही कमाई लहान नव्हे.

तरीही स्पर्धा उंबऱ्याबाहेर ठेवणे वाटते तितके सोपे नसते. कोणास बोलवावयाचे हे ठरविणे म्हणजेही एक परीक्षाच, फक्त तिचे गुण जाहीर होत नाहीत. हे आपले आणि ते बाजारी, अशी वाटणी एकदा केली की नव्या सोवळ्याचाही धोका असतोच. १९८४ पासून क्लबाने वर्षातील उत्तम ध्वनिमुद्रिकांना पत्रकारांच्या मतांनी मानपत्रे देण्यास आरंभ केला. म्हणजे मतदान मागल्या दाराने घरात आलेच! फरक इतकाच की तेथे तयार झालेली मुद्रिका तोलली जाते. घाबरलेला गायक दिव्यांखाली उभा नसतो.

दोन्ही उत्सवांतील भिंत पुढे पातळ झाली. क्लबाचा पुरस्कार मिळालेले रोबेर्तो वेक्किओनी २०११ साली जुन्या स्पर्धेत उतरले आणि पहिले आले. राम्बाल्दी ते पाहावयास नव्हता. तो १९९५ मध्ये वारला. त्याचे संमेलन त्याच्यामागेही भरत राहिले. ते भरविण्यासाठी आरिस्तोन हे नाट्यगृह क्लबाने निवडले होते, आणि कॅसिनोचा दिवाणखाना सोडून जुनी स्पर्धा १९७७ मध्ये राहावयास आली तीही तेथेच.